मराठी नाटक-सिनेमात म्हातारी माणसं कायम केविलवाणीच का असतात?

तुम्ही पुढे असंही विचारलंय, की याचा घरातल्या वागण्यावर परिणाम होतो का. होतो, आणि मी तो दरवर्षी जवळून बघतो. मी नागपुरात हौशी नाटकांची रंगभूषा करतो. राज्य नाट्य स्पर्धा आली की २२-२३ वर्षांच्या पोरांना म्हातारं करायचं काम माझ्याकडे. केस पांढरे, कपाळावर तपकिरी पेन्सिलीच्या रेघा, डोळ्यांखाली सावली. आरशात बघता बघता पोरगा कंबरेत वाकतो, हात थरथरवायला लागतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सिरियली बघून तेवढंच म्हातारपण त्याच्या मनात बसलंय, आणि घरच्या आजोबांकडेही तो त्याच नजरेनं बघतो.

माझी आई ८१ वर्षांची आहे. खुर्चीतून उठताना ती आधी पुढे सरकते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकते, जरा थांबते, मग एका दमात उभी राहते. कशासाठी? तर कुंडीतल्या मिरचीला पाणी घालायला. मी पोरांना म्हणतो, म्हातारा कशासाठी उठतोय ते आधी ठरवा.

नाटकालाही मी हाच कस लावतो. ‘नटसम्राट’ १९७० साली आलं, तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्या नटाची, अप्पा बेलवलकरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू जेमतेम ४३ वर्षांचे होते. त्यांचा बेलवलकर शब्दांचा भुकेला, हट्टी, तापट माणूस. बेलवलकर मुलांना सगळं देऊन बेघर होतात, म्हणून लोकांनी मात्र त्यातून ‘मुलांच्या नावावर काही करू नका’ एवढंच घरी नेलं, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या नागपूरच्या एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ नाटकात (१९८५) म्हातारी दादी वारलेल्या मुलाला हाक मारून किती वाजले ते विचारत राहते. वाडा ढासळतोय आणि तिला वेळ हवी आहे! ‘अस्तु’ सिनेमातले स्मृती हरवलेले शास्त्री हत्तीमागे निघून जातात, कारण त्यांना तो हत्ती बघायचाच असतो. या माणसांना अजून काहीतरी हवंय, म्हणून ती खरी वाटतात.

गेल्या वर्षी म्हाताऱ्याची भूमिका करणारा असाच एक मुलगा माझ्या आईला बघायला घरी आला. म्हणाला, “आजी, जरा उठून दाखवता का?”

“कायले उठू बाप्पा? काम सांग.”

त्यानं पाणी मागितलं, आणि ती उठेपर्यंत तिच्या गुडघ्यांवरची नजर हलवली नाही.