सुपडू, उखर्डू, कचरू अशी नावं खरंच ठेवायचे का, की त्यामागच्या गोष्टी नंतर रचलेल्या?

ठेवायचे. माझंच नाव सुपडू आहे, त्यामुळे उत्तर जरा तिखट लागलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही विचारलंय की मूल जगावं म्हणून बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे हे कोणी डोळ्यांनी पाहिलंय का. नेमकं हेच माझ्या साडूभाऊंनी जळगावला एका साखरपुड्यात भरल्या पंगतीत काढलं होतं. ते निवृत्त मास्तर. "अहो सुपडूशेठ, आजोबांचं नाव नातवाला दिलं, एवढंच. सूपबीप नंतर चिकटवलेलं." सगळे हसले. पानात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती, पण मला ती बट्टी चुरायचीही इच्छा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटरसायकल काढली आणि पारोळ्याकडच्या आमच्या गावी गेलो. आई आता नाही. शेजारची मोठी माय आहे, नव्वदीच्या पुढची, डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या बाजूला बसून ओरडून विचारलं. ती म्हणाली, "उकिरडावरथीन उचला व्हता तुले. पायलीभर दादर ठरनी व्हती, तुन्ही मायनी अर्धीच दिधी." दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी.

माझ्याआधीचे दोन भाऊ पाचवीही न पाहता गेले होते. मी झालो तेव्हा मला सुपात मूठभर दादरीवर निजवून उकिरड्याच्या कडेला ठेवलं. मोठी माय ठरल्याप्रमाणे 'सहज' तिकडून आली, तिने मला उचललं, आणि आईने तिच्याकडून मला विकत घेतलं. म्हणजे सटवाईच्या हिशेबात मी आईचा नव्हतोच, टाकलेला माल होतो. लहानपणी दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस-पुरणपोळीचं पहिलं ताट मोठ्या मायच्या घरी का जायचं, हे त्या दिवशी पन्नाशी उलटल्यावर मला कळलं.

सूपही तिने दाखवलं. बांबूचं, कडेची पट्टी सुटलेली, कागद-मेथ्यांच्या लगद्याने दोनतीनदा लिंपलेलं. तेच सूप की दुसरं, देव जाणे. मी फोटो काढून साडूभाऊंना पाठवला. त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

बाकीची नावंही याच जातीची. उखर्डू, कचरू म्हणजे उकिरड्यावरचा. भिका म्हणजे मागून आणलेला. झिपरू म्हणजे नवसाने केस राखलेला (नशिराबादला झिपरूअण्णा नावाचे संतच होऊन गेले). नथ्थू म्हणजे नाक टोचलेला, मृत्यूने मुलगी समजून सोडून द्यावा म्हणून. दगडू, धोंडू तर सगळ्या महाराष्ट्रात आहेत. आमच्या धुळ्याकडे दगडूचा 'दगा' होतो, आणि पुण्यात कोणी 'दगा पाटील' ऐकलं की दचकतो.

पण 'नकोशी' यात मिसळू नका. लोक सर्रास मिसळतात आणि माझं डोकं फिरतं. मला उकिरड्यावर ठेवलं ते मी हवा होतो म्हणून. नकोशीचं नाव ठेवलं ते ती खरोखरच नको होती म्हणून. साताऱ्यात २०११ साली अशा २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. ती गोष्ट खरीच आहे, तिच्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

जुळ्या बाळांची नावं कोरोना आणि कोविड ठेवल्याची बातमी खरी का, हेही तुम्ही विचारलंय. रायपूरच्या जुळ्यांची ती नावं २०२० मध्ये ठेवली होती, बातमी खरी.

खोट्या गोष्टी शोधायच्याच असतील तर नव्या नावांमागे शोधा. साडूभाऊंच्या नातवाचं नाव रियांश. अर्थ काय, तर 'सूर्याचा पहिला किरण', इंटरनेटवर दिलाय म्हणे. 'रिय' म्हणजे सूर्य हे मास्तरांनी मला कुठल्याही संस्कृत शब्दकोशात काढून दाखवावं, मी त्यांच्या दारात पायलीभर दादर ओततो. पोरगं गोड आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही.

आता एक कबूल करतो. प्रत्येक सुपडू सुपातला नसतो. माझ्या चुलतभावाचं नाव खरोखरच आजोबांवरून ठेवलंय, म्हणजे साडूभाऊ त्याच्यापुरते बरोबर आहेत. उखर्डूंचंही तसंच असणार. तेव्हा तुमच्या घरात असं नाव असेल तर गोष्ट गृहीत धरू नका, घरातल्या सर्वात म्हाताऱ्या बाईला विचारा. आणि लवकर विचारा.

नाव बदलायचं असेल तर राजपत्रात जाहिरात देऊन बदलता येतं. माझ्या मुलाने पुण्याहून अर्ज भरून पाठवला होता, फक्त सही बाकी होती. मी केली नाही. उरलेली अर्धी पायली मात्र येत्या आखाजीला मोठ्या मायला पोचवतोय.