आजाऱ्यांच्या लिस्टमध्ये तुझं नाव का नव्हतं?

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतेय (पॅरिश म्हणजे एका चर्चचा भाग आणि तिथली माणसं, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कम्युनियन म्हणजे त्यात मिळणारी पवित्र भाकर):

"ताई, सात वर्षांपूर्वी मी या पॅरिशमध्ये राहायला आले. एकटीच असते, बहीण परदेशात आहे. आल्यापासून जमेल ते सगळं केलंय, रविवारच्या मिस्सेला वाचन, सणांच्या आधी वेदीची साफसफाई, पहिल्या कम्युनियनच्या मुलांचा वर्ग, आणि गेली तीन वर्षं आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी कम्युनियन घेऊन जाते. तरी मी इथली आहे असं वाटतच नाही. यंदा पॅरिश फीस्टला फादरनी एकेकाचं नाव घेऊन आभार मानले, त्यात माझं नाव नव्हतं आणि ते राहिलंय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. घरी येऊन खूप रडले. गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं, गाठ होती, महिनाभर चर्चला जाता आलं नाही, बाहेरगावी जातेय असं सांगितलं होतं, तर परत आल्यावर वाचकांची लिस्ट करणाऱ्या बाई सोडल्या तर कोणी विचारलंही नाही. सगळी कामं सोडून दुसऱ्या चर्चला जाऊ का? ता.क. पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे, पण ती मी एकटी करून येईन, सवय आहे. – शेवटच्या बाकावरची"

अगं, फीस्टच्या आभारांबद्दल तू पत्रात सगळ्यात जास्त लिहिलंयस आणि त्याबद्दल मला सगळ्यात कमी बोलायचंय. फादरनी नाव विसरायला नको होतं, वाईट वाटणारच, पुढे जाऊया. मी अडकले ते "बाहेरगावी जातेय असं सांगितलं होतं" या अर्ध्या वाक्यापाशी, जे तू दोन स्वल्पविरामांच्या मध्ये असं घालून टाकलंयस की वाचणाऱ्याने त्यावरून सरळ पुढे निघून जावं.

मी नाही जाणार पुढे. तुझ्या अंगात गाठ होती, ती काढायची होती, आणि तू सगळ्या पॅरिशला खोटं सांगितलंस की मी गावात नाहीये. मग तू घरी पडून राहिलीस, आणि कोणी आलं नाही म्हणून आता त्यांच्यावर रागावलीयेस. कोण येणार होतं? त्यांच्या माहितीप्रमाणे तुझ्या घराला कुलूप होतं!

आणि कोणी विचारलं नाही हेही खरं नाहीये बरं का. तूच लिहितेस की लिस्ट करणाऱ्या बाईंनी विचारलं. "सोडल्या तर" म्हणून तू त्यांना बाजूला काढलंस. एका माणसाने तुझ्यासमोर उभं राहून विचारलं की कुठे होतीस इतके दिवस, म्हणजे महिनाभर चार रविवार त्या लिस्टमध्ये तुझ्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिताना त्यांना तुझी आठवण होत होती. त्यांना तू काय उत्तर दिलंस ते पत्रात नाहीये, पण मला अंदाज आहे. प्रवास बरा झाला असं काहीतरी सांगितलं असशील, हो ना? विचारणाऱ्याला खोटं उत्तर दिलं की तो परत कसा विचारेल गं.

आता मला सांग, तो महिना तुला कम्युनियन कोणी आणून दिलं?

तू हेच काम करतेस म्हणून विचारतेय. साध्या प्रापंचिक माणसांनी कम्युनियन द्यायची परवानगी पोप सहाव्या पॉलनी १९७३ मध्ये सगळीकडे मिळेल अशी खुली केली, आणि घरी पडून असलेल्या आजाऱ्यांना ते मिळत राहावं हेही त्यामागचं एक कारण होतं. म्हणजे तुझ्यासारख्या बाईला ती छोटी डबी घेऊन लोकांच्या दारात जायला मिळतं ते मुळात तुझ्यासारख्याच, ऑपरेशन करून घरी पडलेल्या बाईसाठी. ही सोय कशी मिळवायची हे पॅरिशमध्ये तुझ्याइतकं कोणाला माहीत असेल? एक फोन लागतो. दुसऱ्यांसाठी तो फोन तू उचलतेस, लगेच जातेस. स्वतःसाठी महिनाभर केला नाहीस.

तू ज्या घरांमध्ये जातेस ना, ती जरा डोळ्यांसमोर आण. एखादी आजी, केस विंचरलेले नसतात, खोलीत औषधांचा वास असतो, उठून बसायलाही कोणाचा तरी हात लागतो, आणि तरी ती तुला आत घेते. तुला तिच्या गोळ्या माहितीयेत, तिचा कुठला मुलगा फोन करतो आणि कुठला करत नाही हेही माहितीये. कित्येक वर्षांत ती चर्चची पायरी चढलेली नाही, वाचन नाही, वर्ग नाही, साफसफाई नाही, फीस्टला तर तिला कोणी आणतही नाही. आणि तरी ती आपल्या पॅरिशची आहे का असा प्रश्न तुझ्या मनात एकदा तरी आलाय? नाही आला. तो प्रश्न तू फक्त स्वतःबद्दल विचारतेस. तिचं स्थान पक्कं आणि तुझं मात्र दर रविवारी काम करून कमवायचं, हा नियम कोणी केला? चर्चने तर नाही केला. चर्चच्या कायद्यात पॅरिश सहसा भागावरून ठरते, त्या भागात राहणारे सगळे कॅथलिक त्या पॅरिशचे, बाप्तिस्मा झालाय आणि तिथे कायम राहायच्या हेतूने घर केलंय, संपलं. सात वर्षांपूर्वी सामान आत ठेवलंस तेव्हाच तू तिथली झालीस, एकही वाचन करायच्या आधी.

पण कागदावर असणं वेगळं आणि आपलं वाटणं वेगळं, हे मला कळतंय. आपलं वाटत नाहीये कारण त्यांच्यापैकी कोणीही तुला कधी वाईट अवस्थेत बघितलेलं नाही. त्यांना तुझा आवाज माहितीये, वाचन चांगलं करते. वेळेवर येते. कधी नाही म्हणत नाही. असल्या बाईबद्दल लोकांना आदर वाटतो, काळजी वाटत नाही, कारण काळजी करायला तू काही ठेवलंच नाहीस त्यांच्यासाठी.

मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थना असतात, त्यात आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, कितीतरी ठिकाणी नावं घेऊन होते. तू वाचक आहेस, दुसऱ्यांची अशी नावं तूही वाचली असशील. आभारांच्या लिस्टमध्ये नाव नव्हतं म्हणून तू रडलीस, पण ज्या लिस्टमध्ये तुझं नाव असायलाच हवं होतं, जिथे ते ऐकून अख्ख्या चर्चने तुझ्यासाठी प्रार्थना केली असती, त्यातून ते तू स्वतः बाहेर ठेवलंस. मला तुझा राग येतोय ना, तो इथे येतोय.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आजाऱ्याबद्दल स्पष्ट सांगितलंय. तुमच्यात कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी येऊन त्याच्यासाठी प्रार्थना करावी, त्याला तेल लावावं. बोलवायचं कोणी? आजाऱ्याने. वडीलजनांनी दारोदार फिरून कोण आजारी आहे ते ओळखावं असं तिथे नाहीये. आणि तो तेलाचा संस्कार फक्त मरणाच्या दारात असलेल्यांचा, ही समजूत अजून कितीतरी लोकांच्या डोक्यात आहे, कदाचित तुझ्याही असेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ मध्येच सांगून ठेवलंय की तो फक्त शेवटच्या घटकेचा संस्कार नाही. आज गंभीर आजारासाठी ऑपरेशन होणार असेल तर त्याच्या आधीही तो घेता येतो. फादरनी हॉस्पिटलमध्ये येऊन तुझ्या कपाळाला आणि हातांना तेल लावलं असतं. त्याऐवजी तू ऑपरेशन थिएटरमध्ये गेलीस तेव्हा तुझ्या पॅरिशमधल्या एकाही माणसाला ते माहीत नव्हतं. हे वाचून मला खरंच गलबलून आलं, तू एवढं सगळं एकटीने सहन केलंस.

फादरांचं म्हणशील तर पॅरिशच्या धर्मगुरूने आपल्या लोकांना ओळखावं, त्यांच्या घरी जावं, त्यांच्या चिंतांमध्ये आणि आजारपणात सोबत असावं, हे चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ५२९ मध्ये लिहिलेलंच आहे, तेव्हा त्यांची जबाबदारी मी नाकारत नाही. पण त्यांनाही तू बाहेरगावी जातेय असंच सांगितलं होतंस.

तू म्हणशील, कोणाला त्रास नको म्हणून नाही सांगितलं. हे मी इतक्या बायकांकडून ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. दुसऱ्याला त्रास नको म्हणताना आपण त्याला असंही सांगत असतो की मला तुझी गरज नाही, आणि बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना हेच बजावलंय की आपण एका शरीराचे अवयव आहोत, डोळ्याने हाताला असं म्हणायचं नाही. २०२५ च्या जानेवारीत सामान्य काळातल्या तिसऱ्या रविवारी हेच दुसरं वाचन होतं, तुमच्याकडे कदाचित तूच वाचलं असशील. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं आठव. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी दरवर्षी ऐकतो आपण, येशू पाय धुवायला त्याच्यापुढे वाकतो आणि पेत्र म्हणतो माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. किती नम्र वाटतं ऐकायला! येशू त्याचं कौतुक करत नाही, सरळ सांगतो की मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. पेत्राला सेवा करायची नव्हती असं नाही गं, त्याला ती घेता येत नव्हती. आणि वाटा मिळणं न मिळणं येशूने तिथेच आणून ठेवलं, घेण्यापाशी.

तेव्हा चर्च बदलू का, कामं सोडू का, या तुझ्या प्रश्नाचं मी आत्ता उत्तर देत नाही. दुसऱ्या चर्चलाही तू अशीच जाशील, पहिल्या महिन्यात वाचनाला नाव देशील, दुसऱ्या महिन्यात मुलांचा वर्ग घेशील, आणि आजारी पडलीस की परत बाहेरगावी जाशील.

मला तुझा ता.क. हवाय. पुढच्या महिन्यातली तपासणी. ती तू एकटी करून येणार नाहीयेस.

त्या लिस्ट करणाऱ्या बाईंना फोन कर. मेसेज नाही, फोन, कारण मेसेज तू पाच वेळा लिहिशील आणि पाठवशील तेव्हा त्यात "काही विशेष नाही" घातलेलं असेल. त्यांना सांग की गेल्या वर्षी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरं बोलले नाही, माझं ऑपरेशन झालं होतं, आता परत तपासणी आहे आणि मला एकटीला जायचं नाहीये, तुम्ही याल का माझ्याबरोबर. "जमलं तर", "वेळ असेल तर", "राहू दे, मी बघते" यातलं काहीही शेवटी जोडायचं नाही. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, समोरून उत्तर येईपर्यंत. त्या थोड्या रागावतील कदाचित, लपवलंस म्हणून, तर रागावू देत, ऐकून घे. त्यांना त्या दिवशी खरंच जमत नसेल तर दुसरं कोण येऊ शकेल हे त्यांनाच विचार, त्यांच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात. आणि रविवारच्या प्रार्थनेत माझं नाव घ्यायला सांगा फादरना, हेही त्याच फोनवर सांगून टाक, म्हणजे नंतर मागे फिरता येणार नाही.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर जवळच्या माणसाचा नंबर विचारतात, तिथे आत्तापर्यंत तू परदेशातल्या बहिणीचा देत असणार. या वेळी त्या बाईंचा दे, त्यांना विचारून. तपासणीची तारीख, वेळ, कुठल्या मजल्यावर जायचंय, सगळं फोन करायच्या आधी एका कागदावर लिहून समोर ठेव, म्हणजे बोलताना घाबरलीस तरी निदान ते वाचून दाखवता येईल, वाचन तर तुला जमतंच.