लाल काचेच्या दिव्यात खरंच सोनं असतं का?

ठाण्यातल्या एका दुकानदाराने जुना लाल काचेचा दिवा दाखवून ‘यात सोनं आहे’ म्हटलं, आणि सोनं पिवळं असताना काच लाल कशी, असं तुम्ही विचारलंय. माणूस थापा मारतोय असं लगेच धरू नका. अशी काच असते.

मी ऐरोलीत रसायनशास्त्र शिकवते. क्लोरोऑरिक आम्लाचं (हे सोन्याचं संयुग) फिकट पिवळं द्रावण उकळून त्यात सोडियम सायट्रेट घातलं की आधी त्याचा रंग जातो, मग ते काळपट-निळसर होतं आणि काही मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखं लाल. त्यात मीठ टाकलं की द्रावणात तयार झालेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि तेच द्रावण जांभळट-निळं पडतं. सोनं तेच, तेवढंच. म्हणजे रंग ठरतो तो कणांच्या आकारावर आणि त्यांच्यातल्या अंतरावर.

कण १०–२० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हेलकावे घेतात. काचेत हा ताल साधारण ५३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाशी, म्हणजे हिरव्या रंगाशी जुळतो, म्हणून हिरवा शोषला जातो. निळाही सोनं बऱ्यापैकी गिळतं. उरतो लाल. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८५७ मध्येच हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे असं मांडलं होतं. त्याचं गणित १९०८ मध्ये गुस्ताव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने दिलं.

मला सगळ्यात सुंदर वाटते ती काच बनवण्याची रीत. सोनं विरघळलेली काच पटकन थंड केली तर जवळपास रंगहीनच राहते. ती पुन्हा तापवली की विखुरलेले अणू एकत्र येऊन कण वाढतात आणि लाली चढते. जास्त तापली तर कण मोठे होऊन काच तपकिरी, गढूळ दिसते. कण काचेतच अडकलेले असल्यामुळे हा रंग उन्हाने उडत नाही.

आता तुमच्या दिव्याबद्दल. लाल काच तांब्याच्या कणांनीही होते, सेलेनियम-कॅडमियमनेही, आणि नुसत्या डोळ्यांना फरक सांगता येत नाही. एखाद्या कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर (कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणारं यंत्र) असेल आणि काच त्यात बसवता आली, तर आलेख काढून घ्या: शोषणाचा उंचवटा ५३० नॅनोमीटरच्या आसपास असेल तर सोनं, ५६० च्या पुढे सरकला तर बहुधा तांबं. आणि असलंच सोनं तरी ते इतकं नगण्य असतं की सोन्याच्या भावाने पैसे मोजू नका. दिवा आवडला असेल तर दिव्याच्या किमतीत घ्या.