पेप्टाइडची पावडर चारली तर दगडी थांबते का?

दोन-तीन दूधवाल्या शेतकऱ्यांनी एकच प्रश्न विचारलाय, की गाईला पेप्टाइडची पावडर चारली की दगडीला (कासेची सूज, म्हणजे मस्टायटिस) अँटिबायोटिक लागतच नाही असं कुणी सांगतंय, ते खरं का, आणि हे पेप्टाइड म्हणजे नक्की काय.

पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, अमिनो आम्लांची छोटी माळच. जंतू मारणारे असे तुकडे, साधारण १२ ते ५० अमिनो आम्लांचे, गाईचं शरीर स्वतःच बनवतं. १९९१ मध्ये गाईच्याच श्वासनलिकेच्या अस्तरात असा एक सापडला होता. यांच्यावर प्लस चार्ज असतो आणि जंतूच्या बाहेरच्या पडद्यावर मायनस, त्यामुळे ते जाऊन चिकटतात आणि पडद्याला भोकं पाडतात, जंतू आतून गळून मरतो. गाईच्या पेशीच्या बाहेरच्या बाजूला तसा मायनस चार्ज जवळपास नसतो शिवाय कोलेस्टेरॉल असतं म्हणून ती बऱ्यापैकी वाचते. अँटिबॉडी तयार व्हायला काही दिवस जातात, तोवर खिंड हेच लढवतात.

कासेत जंतू शिरला की पांढऱ्या पेशी दुधात धावत येतात, दुधाच्या रिपोर्टमध्ये सोमॅटिक सेल वाढलेले दिसतात ते बहुतेक हेच. त्यांच्या पोटात पेप्टाइड भरलेलेच असतात, इंडोलिसिडिन नावाचा एक तर फक्त १३ अमिनो आम्लांचा आहे.

आता पावडर. पेप्टाइड प्रोटीनच असल्यामुळे पोटात गेलं की बहुतेक पचून जातं, खाल्लेलं कासेपर्यंत तसंच पोहोचेल असं धरून चालू नका. आणि जंतूही हुशार आहेत बरं का, दगडीचा नेहमीचा जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस आपल्या भिंतीवरचा मायनस चार्जच कमी करून घेतो, मग पेप्टाइड नीट चिकटत नाही. कोलिस्टिन हे अँटिबायोटिकपण पेप्टाइडच आहे, त्याला दाद न देणारं आणि एका जंतूतून दुसऱ्यात जाणारं जीन २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांच्या जंतूंत सापडलं, तिथेही युक्ती तीच. म्हणून पेप्टाइडला जंतू सरावत नाहीत असं कुणी म्हणालं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की विकत आणायच्या आधी गाईकडे जे आहे ते टिकवा. सडाची कातडी आणि सडाच्या नळीतलं केराटिन (मेणासारखा थर) हा पहिला दरवाजा, तो ओरबाडू नका, मशीन गरजेपेक्षा जास्त वेळ लावून ठेवू नका, सडाला चिरा पडल्या तर लगेच लक्ष द्या. दूध काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास उघडं राहतं, तेव्हा डिप करा, म्हणजे सड जंतुनाशकात बुडवा, आणि पुढ्यात वैरण टाका म्हणजे ती उभी राहील, शेणात बसणार नाही. एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

अजून एक, लांबच्या प्रवासानंतर वासरांना न्यूमोनिया होतो ना, त्यामागे ताणाचाही हात असतो. ताणाचं हार्मोन कॉर्टिसोल, त्याच जातीचं स्टेरॉइड औषध डेक्सामेथासोन. श्वासनलिकेच्या पेशींवर ते टाकून बघितलं तर हे पेप्टाइड बनणं कमी झालं, म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका.

आणि कास गरम, कडक लागली, दुधात गाठी दिसल्या तर पावडरीच्या नादात दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी सड पुसून स्वच्छ बाटलीत दुधाचा नमुना घ्या, नंतर घेतला तर लॅबमध्ये जंतू वाढतच नाही बऱ्याचदा आणि कुठलं औषध चालेल ते कळत नाही.