आजी "अहो" का म्हणते

सोनू,

इंदूरहून परत येताना विमानात तू विचारलंस की आजी आजोबांना नावाने हाक का मारत नाही, आणि नुसतं "अहो" म्हटलं तर कळतं कसं कोणाला बोलावलं. मी झोपल्याचं नाटक केलं. सॉरी.

अगं आपल्यात त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. घेतलंच तर उखाण्यात, दोन ओळींच्या यमकात गुंफून, तेही लग्नात नाहीतर मंगळागौरीला, चारचौघींनी फारच आग्रह केला की. एरवी "अहो". हे झालं पुस्तकी उत्तर.

पण माझ्या लहानपणीचं "अहो" लांब असायचं, शेवटचा हो चांगला ओढलेला. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याचे ठेले लागतात ना, आपण गेलो होतो बघ, तिथून थंडीत आजोबा गरम गराडू आणायचे, म्हणजे तळलेल्या कंदाचे मसाला लावलेले तुकडे, कागद तेलाने पार ओला आणि गार होऊ नये म्हणून पुडी स्वेटरच्या आत, मग स्वेटरला मसाल्याचा डाग. आजी "अहोऽ, एवढ्या रात्री!" करायची आणि आम्हाला उठवायच्या आधी दोघं ओट्यापाशी उभ्याउभ्याच अर्धे संपवायचे. मी जागी असायचे.

भांडणबिंडण काही झालं नाही गं. आजोबा रिटायर झाले, दुसरा टीव्ही आला, तो आतल्या खोलीत लागला. "अहो" तोकडं होत गेलं आणि आता तर थेट "सांग आजोबांना, पोहे झालेत". मावशी म्हणते प्रेम असतं आत, दाखवत नाहीत इतकंच. मला नाही पटत. ती रोज बघते, मी वर्षातून दोन आठवडे, मला फरक दिसतो.

वटपौर्णिमेला तू होतीसच. शेजारच्या हिंदी काकूंची वटसावित्री पंधरा दिवस आधी अमावास्येलाच झालेली, वडाला त्यांचे दोरे तसेच होते, आजीने त्यावरच आपलं सूत गुंडाळलं, सात फेऱ्या, अर्ध्या मोबाइलवर बोलत. सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून असतं ते. उपासही कडक केला.

संध्याकाळी तू मागे लागलीस, आजी उखाणा घे ना. "आठवत नाही गं आता," म्हणाली आणि दूध बघायला उठली. दूध केव्हाच तापवून झाकलेलं होतं. आजोबांनी टीव्हीचा आवाज कमी केला होता, तो थोड्या वेळाने परत वाढवला.

आई