परदेशी वकिलातीतली माणसं दिवसभर करतात तरी काय?

तुमचा प्रश्न असा : "परदेशात नेमलेले राजदूत, वाणिज्यदूत रोज नेमकं काय करतात? पार्ट्या आणि फोटो सोडून काही असतं का?"

पार्ट्या असतात, नाही असं नाही. पण मी जे बघतो ते तहसील कचेरीच्या कामासारखं आहे. दाखले, शिक्के, अडलेले अर्ज आणि अडलेली माणसं. कचेरी फक्त दुसऱ्याच्या देशात.

मी कोल्हापुरात उद्योजकांच्या एका संघटनेच्या ऑफिसात आहे. मुंबईतल्या परदेशी कॉन्सुलेटमधले, म्हणजे वाणिज्यदूतांच्या कचेऱ्यांतले, अधिकारी इकडं आले की त्यांचा दौरा आखायचा, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या (धातू वितळवून ओतायचे कारखाने) दाखवायच्या, जेवणाचं बघायचं, हे माझ्याकडं. राजदूत दिल्लीत बसतो, त्यांच्या वाटाघाटी मला माहीत नाहीत. कॉन्सुलेटवाल्यांना कायद्याचं संरक्षणही कमी. राजदूतांचा व्हिएन्ना करार १९६१ चा, यांचा १९६३ चा, आणि यांना सवलत मुख्यतः कामापुरती. गाडीच्या निळ्या नंबरपाटीवर राजदूतांकडच्या 'सीडी'ऐवजी यांचं 'सीसी' असतं. आमच्या पोरांना त्याचं काही नाही, निळी पाटी दिसली की सेल्फी.

फौंड्रीत धातू ओतताना फोटो सगळेच काढतात. व्यापार बघणारी माणसं मात्र थेट लॅबकडं वळतात. एक बाई आल्या होत्या. त्यांनी पॅकिंगला ठेवलेल्या एका कास्टिंगवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "या हीट नंबरचा स्पेक्ट्रो रिपोर्ट दाखवता?" म्हणजे, धातूच्या या घाण्यात काय काय आहे त्याची तपासणी. मालकांनी फाईल काढेपर्यंत त्या शांत उभ्या. रिपोर्ट सापडला, तेव्हा कुठं चहा घेतला. निघताना आमच्या मंडळींनी लगेच व्हॉट्सॲप ग्रुप काढला. ऑफिसच्या फोनवर व्हॉट्सॲप चालत नाही, ईमेल करा, असं बाईंनी दोनदा सांगितलं. तरी आठवड्यानं एकजण मला विचारतोय, "मॅडमनी बघितलं का? ग्रुपवर टाकलंय की."

तंत्रज्ञानाची खरी गाठ व्हिसाला पडते. २०२३ ला ड्युसेलडॉर्फला गिफा भरलं होतं, फौंड्रीवाल्यांचं मोठं प्रदर्शन. आमच्या एका सभासदाला त्यांच्या जुन्या मोल्डरला, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या नानांना, सोबत न्यायचं होतं. नानांचा सगळा जन्म वाळूत गेलेला, बोटांच्या रेषा पार झिजलेल्या. व्हिसा सेंटरच्या काचेवर बोटं ठेवली की मशीन नको म्हणायचं. हात धुतले, ग्लिसरीन चोळलं, परत तेच. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "नाना, जरा दाबून ठेवा." नाना म्हणाले, "दाबलंय की रं. आता काय बोट काढून दिऊ व्हय?"

सेंटरवाल्यांनी हात वर केले. पण सेंटर म्हणजे अर्ज गोळा करणारा कंत्राटदार, निर्णय कॉन्सुलेटचा. आम्ही तिथं लिहिलं. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाच्या, नियमात याची सोय आहे : दहापैकी जितकी बोटं उमटतील तितकी घ्यायची, आणि शारीरिक कारणानं एकही शक्य नसेल तर सूट. एका अधिकाऱ्यानं तेवढं सेंटरला कळवलं आणि काम झालं. हेच त्यांचं रोजचं काम, फोटो निघत नाही असलं. नाना जाऊन आले. मशिनींपेक्षा तिथली वाळू चांगली, एवढंच त्यांचं मत.

सत्काराचा घोळ वेगळाच. शाल, श्रीफळ, फेटा इथवर ठीक. एकदा एका कारखानदारांनी हुपरीची चांदीची गणेशमूर्ती पुढं केली, तर पाहुण्यानं विचारलं, "किंमत किती?" सगळे गप्प. पण बऱ्याच देशांत भेटवस्तूंना मर्यादा असते. आपल्याकडंही सरकारी माणसांना परदेशात मिळालेल्या भेटींचा हिशोब परराष्ट्र खात्याच्या तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या भांडारात, द्यावा लागतो, पाच हजार रुपयांपर्यंतची वस्तूच तशी ठेवून घेता येते. मूर्ती पेटीत परत गेली. गुळाची ढेप मात्र पाहुण्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवली.

पोलंडचे अधिकारी आले की कारखाने नंतर, आधी वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मुलखातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिले. फाळणीनंतर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले, आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. आपण तिथं कापड घ्यायला जातो, ते कबरींवर फुलं वाहायला येतात.

इटलीचं नातं त्याहून जुनं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले, विशीत. तिथं दहनाची रीत नव्हती, खास परवानगी काढून अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. परक्या देशात माणूस गेला की कागद कोण हलवणार, हा प्रश्न आजही वकिलातीच्याच दारात येतो. आखातातून पार्थिव आणायचं असलं तर विचारा त्या घरच्यांना.

आणि प्राडा, इटलीची फॅशन कंपनी. जून २०२५ मध्ये तिच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि इथं गदारोळ झाला. कोल्हापुरीला २०१९ चं जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण आपलं जीआय आपल्या हद्दीपुरतं, मिलानमध्ये त्याचा धाक नाही. शेवटी डिसेंबरमध्ये मुंबईच्या इटालियन कॉन्सुलेटमध्ये लिडकॉम, लिडकर (महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारची चर्मोद्योग महामंडळं) आणि प्राडाचा करार झाला, इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचा. कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीतल्या कारागिराच्या हातात त्यातून किती पडणार, हे मला करारापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही स्वतः निर्यातीच्या विचारात असाल तर त्या देशातल्या आपल्या दूतावासाच्या कमर्शियल विंगला, म्हणजे व्यापार विभागाला, ईमेल टाका. "आमचा माल एक नंबर आहे" असं लिहू नका. एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), महिन्याची क्षमता, कुठली सर्टिफिकेट आहेत आणि कुणाला विकायचंय, एवढं चार ओळींत लिहा. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी त्याच ईमेलखाली परत विचारा, नवीन पाठवू नका.