टाकीवर गोळी झाडली की गाडी उडते, नागपूरच्या उन्हात तर नक्कीच ना?
नाही. पिस्तुलाची साधी गोळी म्हणजे आत शिसं, वर तांब्याचं कवच. पत्र्यावर आदळून त्याची ठिणगी सहसा पडत नाही. बऱ्याच गाड्यांची टाकी तर आता प्लास्टिकचीच असते.

ठिणगी पडलीच, तरी पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तरच पेटते. मे महिन्यात 45 अंशांत सीताबर्डीला उभ्या गाडीच्या टाकीत वाफ इतकी दाट होते, की जळायला हवाच पुरत नाही. म्हणजे उन्हाचा हिशेब उलटाच! भोकातून नुसती धार लागते. खरा धोका खाली साचलेल्या थारोळ्याचा, कारण तिथे वाफेत हवा मिसळते. माचिसची एक काडी पुरे. तरी आग लागेल, गाडी हवेत जाणार नाही.

पडद्यावरचा तो केशरी गोळा? इंधन आणि बार वेगळे लावून उडवलेला.